पंपाचं कपाळ

दाजीसाहेब हिवरकर वारले तेव्हा अमरावतीच्या बार रूममध्ये शोकसभा झाली आणि त्या सभेत लोक पोट धरून हसले. पहिली पाच मिनिटं सगळे माना खाली घालून नीट बसले होते. मग एका ज्येष्ठ वकिलांनी दाजीसाहेबांच्या जर्मन पेनाची गोष्ट काढली आणि कुणाला आवरेना. अध्यक्ष डोळे पुसत होते, पण ते कशानं भरले होते हे सांगणं कठीण होतं. शेवटी मला उठवलं, कारण मी सात वर्षं त्यांचा ज्युनियर होतो. "मोठा माणूस होता," एवढं म्हणून मी खाली बसलो. लोकांना वाटलं, याचा गळा दाटला. गळा दाटला नव्हता. जे सांगायचं होतं ते सांगायची हिंमत झाली नाही, आणि ही सवय मला जुनी आहे. म्हणून आता लिहितो.

दाजीसाहेबांची वकिली काय होती ते आधी सांगतो, कारण तशी वकिली वऱ्हाडात दुसऱ्या कुणी केली नाही आणि शहाण्या माणसानं करण्यासारखी ती नव्हतीही. आमच्याकडे वकिलाला शेताचा बांध, भावांची वाटणी, दत्तक आणि डोकेफोड एवढ्या चार गोष्टी आल्या की जन्म सुखात निघतो. दाजीसाहेबांना बांधाचा कंटाळा होता. परदेशात तयार झालेली वस्तू इथं कुणाच्या हातात फुटली, गळली किंवा बंद पडली, की ती बनवणाऱ्याला तिथून खेचायचं, हा त्यांचा विषय. बर्मिंगहॅम, हॅम्बुर्ग, ओसाका ही गावं ते बडनेरा, मूर्तिजापूर म्हणावं तशी उच्चारत. गाव त्यांना 'विलायती दाजी' म्हणे. प्रत्यक्षात त्यांनी भुसावळच्या पुढं फारसं काही पाहिलं नव्हतं.

याची सुरुवात त्या पेनापासून झाली. भर कोर्टात उलटतपासणी चालू असताना त्यांचं जर्मन पेन खिशात गळलं आणि पांढऱ्या सदऱ्यावर निळी गाय उमटली. साक्षीदार हसला, शिरस्तेदार हसला, न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. दुसरा कुणी धोब्याकडे गेला असता. दाजीसाहेबांनी पेन बनवणाऱ्या कारखान्याला नोटीस पाठवली. आठ महिन्यांनी जहाजाच्या डाकेनं नवं पेन आलं आणि सोबत माफीचं पत्र. पेन त्यांनी कधी वापरलं नाही. पत्र चौकटीत घालून देवघरात लावलं, दत्तगुरूंच्या शेजारी. त्या दिवसापासून त्यांची खात्री पटली की जगातला कुठलाही कारखानदार अमरावतीच्या कोर्टाच्या पायरीवर आणता येतो. उरलेलं आयुष्य ही खात्री खोटी ठरण्यात गेलं.

उंच, सुकलेला माणूस. काळा कोट जुना होऊन वांग्याच्या रंगावर गेलेला. कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी उलटी करायची आणि खालचा शिक्का वाचायचा. "हे बनवलं कोनं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी पाण्यानं भरलेला पेला शिक्का वाचायला उलटा केला आणि शेजारच्या विहिणीची पैठणी भिजवली. विहीण ओरडली तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "मुरादाबाद. मले वाटलंच होतं." भातात खडा लागला तरी ते बायकोला विचारत, बनवलं कोनं? बाई एकदा म्हणाल्या, "ब्रह्मदेवानं. द्या त्याले नोटीस!" दाजीसाहेबांनी क्षणभर खरंच विचार केला असावा, असा त्यांचा चेहरा झाला होता.

आणि हाच माणूस गल्लीतल्या गवळ्याला भीत असे. गवळी दुधात इतकं पाणी घालायचा की साय म्हणजे ऐकीव गोष्ट. बाईंनी म्हणावं, जगावर दावे करता, याले दोन शब्द तरी बोला. दाजीसाहेब खाली बघत. "हे पाह्य, बर्मिंगहॅमवाला उद्या सकाळी दारात येत नाही. हा येते." यावर बार रूममध्ये वर्षभर हसणं चाललं. मीही हसलो. दूरच्याशी भांडण आणि जवळच्यापुढं मान खाली, हा दोष मी त्यांच्यात अगदी स्पष्ट पाहिला होता. माझ्यात तो त्याहून मोठा आहे हे कळायला मला बराच उशीर झाला.

अकोल्याच्या एका कापूस दलालाचं घड्याळाचं प्रकरण मात्र नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दलालानं स्वित्झर्लंडचं गजराचं घड्याळ घेतलं. पहाटेच्या गाडीनं मुंबईला सौद्याला जायचं होतं, गजर झाला नाही, गाडी गेली, सौदा गेला. दाजीसाहेबांनी नोटीस ठोकली. उत्तरात कंपनीनं एकच ओळ लिहिली: चावी दिली होती काय? दाजीसाहेबांनी दलालाला बोलावलं.

"चावी देल्ली होती का?"

"चावी? एवढं महागाचं विलायती घड्याळ, त्याले बी चावी द्या लागते?"

मी फाईल मिटायला घेतली. दाजीसाहेब म्हणाले, "थांब." त्यांनी घड्याळासोबत आलेला सूचनांचा कागद मागवला. तो फ्रेंचमध्ये होता. मग त्यांनी कंपनीला लिहायला सांगितलं: तुम्ही माल अकोल्यात विकता, तर चावी द्यायची हे अकोल्याच्या माणसाला समजेल असं सांगणं तुमचं काम. फ्रेंच वाचणारा आमच्याकडे एकही नाही. तुमच्या घड्याळाला ते माहीत असायला हवं होतं. दावा अर्थात कुठंच गेला नाही. पण त्या पत्रातलं तत्त्व मला तेव्हा विनोदी वाटलं, एवढं माझ्याविरुद्ध नोंदवून ठेवतो. वस्तू बनवणाऱ्यानं ती कुणाच्या हातात जाणार हे ओळखलं पाहिजे, यात विनोद कुठं आहे?

ही पत्रं लिहिणं माझं काम. मी नागपूरला कायदा शिकलो होतो, इंग्रजी बरं होतं. दाजीसाहेब कोर्टात इंग्रजी बोलत, पण पत्र सांगताना वऱ्हाडीत सांगत. येरझाऱ्या घालत, हात मागं बांधून.

"लिही. अबे लेकाहो, तुमाले लाज वाटते का?"

मी इंग्रजीत लिही: 'आपल्या उत्तराने आम्हास आश्चर्य वाटले.'

"काय लिहिलं?"

"आश्चर्य वाटलं."

"आश्चर्य कायचं? लाज म्हटलं मी. लाज लिही."

"दाजीसाहेब, इंग्रजी पत्रात लाज बसत नाही."

"म्हूनच त्याइचं राज्य एवढं टिकलं," ते म्हणाले, आणि माझंच वाक्य राहू दिलं. असं सात वर्षं चाललं. ते चिखलासकट मुळं उपटून माझ्या हातात देत, मी ती धुऊन, पुसून परदेशी पाठवत असे. मला वाटे, मी त्यांची अब्रू राखतो आहे.

आता किसनचं सांगतो.

किसन नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यात गुलाबराव पाटलांकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या करारानं शेतावर राबणारा गडी. अंगानं भक्कम, तिशी नुकतीच गाठलेली. गुलाबरावांकडे कपाशीवर औषध मारायचा पितळी पंप होता, इंग्लंडचा. पाठीवर घ्यायचा, आधी दट्ट्यानं हवा भरायची, मग फवारा सोडायचा. हवा जास्त झाली तर आपोआप बाहेर पडावी म्हणून पंपाच्या माथ्यावर सेफ्टीचा व्हॉल्व होता. दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी किसन हवा भरत असताना व्हॉल्व उघडलाच नाही. पंप फुटला, औषध तोंडावर आलं, आणि दोन्ही डोळे गेले.

तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवून कचेरीत आला तेव्हा मी होतोच. दाजीसाहेबांनी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, "काय पाहिजे तुले?"

"डोळे तं तुमी देत नाही, वकीलसाहेब," किसन म्हणाला. "कागद द्या."

"कायचा कागद?"

"दोन वर्स झाले, आमी धम्म घेतला. घरातले देव नदीत सोडले. आता गावात म्हणतात, यानं देव सोडला म्हून देवानं याचे डोळे नेले. बाकीच्याइचं जाऊ द्या, माझी माय तेच म्हणते. रोज म्हणते. पंप काहून फुटला ते कोर्टाच्या शिक्क्यानं कागदावर आलं पाहिजे. तो कागद मी मायले वाचून दाखवीन." मग म्हणाला, "म्हणजे कोनाकडून वाचून घीन."

ते गेल्यावर दाजीसाहेबांनी फाईलवर किसनचं नाव घातलं. मग म्हणाले, "इतक्या वर्सात हा पहिला पक्षकार आला, ज्याले काय पाहिजे ते ठाऊक आहे." नुकसानभरपाईचा दावा तर लावायचाच होता. पण खरा दावा त्या एका वाक्याचा होता: चूक कुणाची?

गुलाबरावांनी फुटलेल्या पंपाचा माथा व्हॉल्वसकट आणून दिला आणि पावती घेऊन गेले. पावतीवर मी 'पंपाचा तुटका भाग, एक' एवढंच लिहिलं. व्हॉल्व दिसतच नव्हता. त्यावर शेंदराचा जाड, तेलकट, टणक थर बसला होता, एखाद्या गावच्या मारुतीवर बसतो तसा. दाजीसाहेबांनी तो किसनच्या हातात दिला.

किसननं अंगठा फिरवला. "शेंदूर. दर दसऱ्याले मालक लावते. मी नाही लावत. दीक्षा घेतल्यापासून मी त्याले हात नाही लावला."

"कुठं लावते मालक?"

"कपाळाले."

"पंपाले कपाळ कुठं असते बे?"

"सगळ्याइत वर जे असते ते कपाळ," किसन म्हणाला. यात काय विचारायचं, असा त्याचा सूर होता.

दाजीसाहेब हसायला लागले. खुर्चीत मागं रेलून, डोळ्यांत पाणी येईतो हसले. मला त्यांचं हसणं आवडलं नाही. आंधळ्या माणसापुढं हसत होते. मग उठले आणि मला म्हणाले, "मनोहर, हे जसं आहे तसं बांध. मुंबईले कंपनीच्या इंजिनियरसमोर तपासणी आहे. बोट लावू नको याले."

का, ते सांगितलं नाही. तीही त्यांची एक खोड होती. मुद्दा सापडला की तो पोटात ठेवायचा. "मुद्द्याले नजर लागते," म्हणायचे. ज्युनियरला ते पक्षकाराइतकंच अंधारात ठेवत.

मी तेव्हा तीस वर्षांचा होतो. पोरपणाची सबब मला नाही. रविवारी दुपारी कचेरीत एकटा बसून मी तो माथा हातात धरला आणि मला दोन गोष्टी दिसल्या. एक, हा शेंदूर कंपनीनं पाहिला की ती म्हणेल, तुमच्याच लोकांनी व्हॉल्व बुजवला, आमचा काय दोष? दावा बुडाला. हे निदान वकिली कारण होतं. दुसरं कारण खरं होतं. मला डोळ्यांसमोर मुंबईची ती मोठी खोली दिसली, टेबलाशी बसलेला गोरा इंजिनियर दिसला, आणि त्याच्यापुढं आम्ही हा शेंदूर फासलेला पंप ठेवतो आहोत. देश स्वतंत्र होऊन दहा वर्षं उलटली होती आणि मला भीती कशाची वाटली, तर गोरा हसेल याची.

मी वाटीत रॉकेल घेतलं. जुन्या धोतराची चिंधी, बाभळीचा काटा. दोन तास घासलं. थरांखाली थर होते, चार दसऱ्यांचे. शेवटी पितळ चमकलं, आणि बोटानं दाबल्यावर व्हॉल्व टक् करून उघडला. मला इतका आनंद झाला की मी तो पाचसहा वेळा उघडून पाहिला. मग कापसात गुंडाळला, पेटीत घातला, लाखेचं सील लावलं.

मुंबईला उतरल्यावर दाजीसाहेब आधी समुद्र पाहायला गेले. जन्मभर समुद्रापलीकडच्यांशी भांडलेल्या माणसानं तो प्रथमच पाहिला. कोटाच्या खिशात हात घालून दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "एवढंच? मले वाटलं, आठ महिने लागतात म्हणजे काही तरी असंल."

कंपनीच्या कचेरीत सगळं मी कल्पिलं होतं तसंच होतं: टेबल, इंजिनियर, मुंबईचा सॉलिसिटर. दाजीसाहेबांनी पेटी उघडली नाही. आधी उभे राहून बोलू लागले, आणि मला त्यांचा मुद्दा त्या गोऱ्या माणसाबरोबरच, त्याच क्षणी कळला.

ते इंग्रजीत म्हणाले, "साहेब, आमच्या देशात प्रत्येक वस्तूला कपाळ असतं. बैलाला असतं, नांगराला असतं, चुलीला असतं. जे सगळ्यांत वर ते कपाळ. दसऱ्याला त्यावर शेंदूर लावतात. हे लाखो लोक शेकडो वर्षं करत आले आहेत, आणि तुमची कंपनी इथं अनेक वर्षं माल विकते आहे. तुम्ही तुमचा व्हॉल्व बरोबर कपाळावर बसवला, उघडा, वर झाकण नाही, आणि कशानं झाकू नका अशी एक ओळ कुठं लिहिली नाही. ज्यानं पंप भरला त्यानं शेंदूर सोडला आहे. त्याची चूक नाही. ज्यानं शेंदूर लावला त्यानं भक्तीनं लावला. ज्यानं हे बनवलं त्यानं विचार केला नाही. आता पाहा."

आणि पेटी उघडली.

कापसातून चकचकीत पितळ निघालं. इंजिनियरनं ते उचललं, उलटसुलट फिरवलं, आणि मनापासून म्हणाला, "फार सुंदर ठेवलं आहे." यंत्रावर लावून पाहिलं तर व्हॉल्व ठरल्या दाबाला टक् करून उघडला. तीनदा लावला, तीनदा उघडला.

दाजीसाहेबांनी व्हॉल्वकडे पाहिलंही नाही. ते माझ्या हातांकडे पाहत होते. नखांच्या कडांना शेंदूर अजून लाल होता. रॉकेलनं पितळ स्वच्छ होतं, नखं होत नाहीत. मी हात टेबलाखाली घेतले.

परतीची गाडी भुसावळला थांबली. दाजीसाहेब म्हणाले, "भजे घे." मी घेतले. त्यांनी अर्धे मला दिले.

अमरावतीला दावा चालला. गुलाबराव साक्षीला आले आणि मी शेंदूर कधी लावलाच नाही म्हणाले. घाबरले होते बिचारे. आपल्या भक्तीनं गड्याचे डोळे गेले हे कोण कबूल करील? देवाची शपथ घेऊन त्यांनी देवाचा शेंदूर नाकारला. शेंदूर होता असं सांगणारा एकटा किसन, आणि तो तर वादी. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "मग तो गेला कुठं?"

मी दाजीसाहेबांच्या शेजारी बसलो होतो. उठायचं होतं आणि पाच शब्द बोलायचे होते. मी फाईलची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

दाजीसाहेब उठले. "माझ्या कचेरीत साफ झाला. जबाबदारी माझी."

वकिलाचं सांगणं पुरावा ठरत नाही, म्हणून निकाल असा लागला की व्हॉल्व निर्दोष, आणि वादीनं निष्काळजीपणे मर्यादेबाहेर हवा भरली. वादीच्या वकिलांनी पुरावा हाताळला ती रीत खेदजनक, अशीही एक ओळ पडली. किसनला कागद मिळाला, कोर्टाच्या शिक्क्याचा, आणि त्यावर चूक त्याची लिहिली होती. निकाल ऐकल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "हा कागद मी घेतलाच पाहिजे का?"

बार रूममध्ये दाजीसाहेबांचं नाव बदललं. विलायती दाजीचे ते 'शेंदऱ्या वकील' झाले. परदेशी नोटिसा बंद पडल्या. जो बांधाचा कंटाळा होता तोच बांध ते पुन्हा करू लागले, आणि तोही फारसा मिळेना. पुरावा घासणाऱ्या वकिलाकडे सातबारा कोण देईल? मी आणखी एक वर्ष त्यांच्याकडे राहिलो, कारण लगेच निघालो असतो तर लोकांनी ओळखलं असतं. मग अकोल्याला माझी वकिली थाटली. चांगली चालली. लोक म्हणत, हिवरकरांच्या हाताखालून निघूनही किती चोख काम! मी ती स्तुती घेत असे.

मुंबईच्या त्या तपासणीला आठ वर्षं झाली. किसनचा धाकटा भाऊ अकोल्यात सरकारी कचेरीत कारकून झाला होता. तो एका अर्जासाठी माझ्याकडे आला. मी कोण हे त्याला ठाऊक होतं, पण एवढंच ठाऊक होतं की मी भावाच्या बाजूचा होतो, म्हणून फार आदरानं बोलत होता. बोलता बोलता म्हणाला, "माय गेली मागच्या महिन्यात. शेवटच्या दिवसापर्यंत किसनदादाले म्हणत होती, 'आता तरी नारळ फोड रे, देव माफ करीन.' दादा दोर वळत राहे. एकदा फक्त म्हणाला, 'माय, माझ्यापाशी कागद नाही.'"

त्या रविवारी मी अमरावतीला गेलो.

दाजीसाहेब ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. बरेच वाकले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: चिंधी, रॉकेल, काटा. ते सोलत राहिले.

"मले काय सांगतो? मले डोळे आहेत. मी मुंबईतच पाह्यलं."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"तू बोलशीन म्हून वाट पाहून राहिलो होतो. विलायतेची डाक आठ महिन्यात येते. तुही आठ वर्सांत आली." त्यांनी एक शेंग माझ्यापुढं टाकली. "काहून केलं?"

"गोरे हसतील म्हणून."

"अन हसले?"

"नाही. सुंदर म्हणाले."

"हं," ते म्हणाले. त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. "किसनले सांग. अन तोंडानं नाही, कागदावर. त्याले कागद पाहिजे होता."

कागद मी तिथंच लिहायला घेतला. सवयीनं सुरुवात केली: 'तपासणीपूर्वी सदर व्हॉल्ववरील शेंदूर अनवधानाने पुसला गेला.'

"अनवधानानं?" दाजीसाहेबांनी मान पुढं केली. "दोन घंटे काट्यानं घासलं तू. घासलं लिही. अन पुसला गेला म्हणजे? आपोआप गेला? या वाक्यात तू कुठं आहेस? मले तं दिसून नाही राहिला." चार वेळा त्यांनी कागद फाडायला लावला. सात वर्षं त्यांची वाक्यं मी धुतली होती. त्या दुपारी त्यांनी माझी वाक्यं मातीत लोळवली. पाचव्या वेळी कागदावर एवढं राहिलं, की व्हॉल्व शेंदरानं बुजलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, तो मी घासून काढला, कोर्टात गप्प बसलो, आणि किसनची चूक नव्हती.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं एस. टी. नं नांदगावला गेलो आणि तिथून पुढं पायी. मी नको म्हणत होतो, त्यांना चालवत नव्हतं. "तू एकटा गेला तं बांधाबांधानं फिरून परत येशीन," ते म्हणाले.

किसन अंगणात दोर वळत बसला होता. मी कागद वाचला. त्याचे हात थांबले. त्यानं ना मला शिवी दिली, ना माफ केलं. विचारलं, "यावर शिक्का आहे?"

"आहे. तहसीलचा. माझी सही आहे."

"माय असती तं..." तो एवढंच म्हणाला आणि उठला. "चला."

"कुठं?"

"गुलाबरावाच्या दारापुढं. इथं आमच्या लोकाइले ठाऊकच आहे. तिथं वाचा."

गावातून जाताना मागं माणसं जमत गेली. गुलाबराव दारात उभे होते. किसन माझ्या शेजारी, तोंड दाराकडे करून. मी वाचायला लागलो. शेंदराच्या वाक्याशी आलो आणि माझा आवाज आपसूक खाली गेला. मलाच ऐकू येईना. गुलाबराव आत वळले आणि दार लोटलं. कडी लागल्याचा आवाज मात्र आला नाही.

मी कागदातून मान वर केली. दाजीसाहेब गर्दीच्या पार मागं होते. तो वांगी कोट धुळीनं पांढरा झालेला, एका हातानं कडुनिंबाला धरून उभे. माझ्या डोळ्यांपुढं ते अजून तसेच उभे आहेत. जरा दम घेऊन त्यांनी मान उंच केली आणि सगळ्या गावाच्या डोक्यावरून मला ओरडून सांगितलं:

"दार लोटलं त्यानं. मोठ्यानं वाच आता. शेंदरापासून."

मी शेंदरापासून वाचायला लागलो.